टायरवर लिहिलेला भार

टायरच्या कडेवर छापलेली अक्षरे आणि आकडे बहुतेक गाडीमालक नवा टायर घेताना काय ते वाचतात, तेही दुकानदाराने साइज विचारली म्हणून. १८५/६५ आर१५ ८८एच अशी ती ओळ असते. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी कडेची उंची, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तिन्ही मापे सुखाने नांदतात. इथवर चूक सहसा होत नाही, कारण रिमचा व्यास चुकला तर टायर बसतच नाही आणि रुंदी-उंची चुकली तर डोळ्यांना दिसते. चूक होते ती शेवटच्या ‘८८एच’पाशी. ८८ हा लोड इंडेक्स, त्याचा अर्थ ५६० किलो. ‘एच’ हे वेगाचे चिन्ह, त्याचा अर्थ ताशी २१० किलोमीटर. माहीत असलेली माणसेही हा ५६० किलोचा आकडा असा वाचतात, की जणू ती त्या रबराच्या अंगची ताकद आहे. टायर विकत घेतला की ती आपल्या मालकीची झाली. वास्तविक तसे नाही. एवढ्या दाबाची हवा असेल, वेग एवढ्याच्या आत असेल, टायर एकटा असेल किंवा जोडीत असेल, तर इतके वजन चालेल, असे सशर्त विधान त्या आकड्यात दडलेले असते. अटी कडेवर अर्ध्यामुर्ध्या छापलेल्या असतात, काही तर छापलेल्याच नसतात. म्हणून आकडा लक्षात राहतो आणि अटी राहून जातात, आणि टायरबद्दलचे बरेचसे गैरसमज तिथून सुरू होतात.

आधी या लोड इंडेक्सचे गणित पाहू, कारण ते दिसते तितके सरळ नाही. ८८ म्हणजे ५६०, तर ८४ म्हणजे ५००. चार आकड्यांचा फरक, आणि दर टायरमागे ६० किलो गेले. चारही टायर धरले तर २४०. म्हणजे चार धडधाकट माणसे. हा क्रमांक किलोच्या प्रमाणात वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. शून्य क्रमांकाला ४५ किलो, ८० ला ४५० आणि १६० ला ४,५००: दर ८० पायऱ्यांना भार दहापट होतो. प्रत्येक पायरी जवळजवळ तीन टक्क्यांची, आणि २४ पायऱ्यांत भार दुप्पट. ७६ ला ४०० किलो आहेत, तर १०० ला ८००. अशी मोजपट्टी वापरण्याचे कारण उघड आहे. स्कूटरच्या टायरला पाच-सहा किलोंचा फरकही महत्त्वाचा, ट्रकच्या टायरला शंभर किलोंची पायरी पुरते. एकाच तक्त्यात दोघांना बसवायचे तर पायऱ्या टक्क्यांतच हव्यात. पण याचा परिणाम असा, की दुकानात ‘८८ नाही, ८४ आहे, काय फरक पडतो’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते. वेगाच्या चिन्हांतही असाच एक खड्डा आहे. एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, पुढे व्ही म्हणजे २४०. पण ‘एच’ हे अक्षर वर्णमालेतली आपली जागा सोडून यू आणि व्ही यांच्या मधे २१० वर जाऊन बसले आहे. अक्षर आधीचे म्हणून वेग कमी असेल, असे समजून ‘एच’पेक्षा ‘टी’ वरचा मानणारे विक्रेतेही आहेत.

आता मूळ मुद्दा. गाडीचे वजन पेलतो कोण? टायर, असे आपण म्हणतो. पण व्हॉल्व्ह काढून घेतला की तोच टायर, तेच रबर, तेच पोलादी तारांचे पट्टे असूनही गाडी रिमवर बसते. वजन पेलते ती आत कोंडलेली हवा. टायरचे काम ती हवा कोंडून धरण्याचे आणि रस्त्याला घट्ट धरून राहण्याचे. मोटारीच्या साध्या टायरचा लोड इंडेक्स युरोपीय मानकांनुसार २५० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ३६ पीएसआय इतक्या दाबाला मोजलेला असतो; पीएसआय म्हणजे आपल्या पंपावरचा ‘पॉइंट’. हवा कमी झाली की पेलण्याची क्षमताही उतरते, जवळजवळ त्याच प्रमाणात. ३६ पॉइंटला ५६० किलो पेलणारा टायर ३० पॉइंटला साधारण ४८० किलोंचाच राहतो. तो झिजलेला नाही, जुना झालेला नाही, फक्त सहा पॉइंट हवा गेलेली आहे.

हे आकडे एखाद्या खऱ्या प्रवासाला लावून बघण्यासारखे आहेत. समजा, रिकामी १,२०० किलो भरणारी सात आसनी गाडी गणपतीला कोकणात निघाली आहे. सात माणसे सरासरी ६५ किलोंची धरली तर ४५५ किलो. डिकीतले आणि टपावरच्या कॅरियरवरचे सामान शंभर किलो. एकूण १,७५५. चारने भागले तर ४३९ किलो येतात आणि ५६० समोर ते किरकोळ वाटतात. पण वजन चारने भागले जात नाही. तिसरी रांग आणि सगळे सामान मागच्या आसाच्या अवतीभवती असते. मागे ५८ टक्के वजन गेले, असे धरले तर मागच्या दोन टायरांवर १,०१८ किलो, म्हणजे प्रत्येकी ५०९. आता हवा ३६ पॉइंट असेल तर टायर आपल्या मर्यादेत आहे. रोजच्या एकट्या-दुकट्या प्रवासाला ठेवलेली ३० पॉइंट तशीच राहिली असेल तर तो मर्यादेबाहेर आहे. घाटाच्या वळणावर बाहेरच्या चाकाकडे वजन झुकते ते आणखी वेगळे. टायर तोच, वजन तेच, रस्ता तोच. बदलली ती एक अट. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो, त्यात माणसे कमी असताना आणि गाडी भरलेली असताना असे दोन वेगवेगळे दाब दिलेले असतात, आणि भरलेल्या गाडीला मागच्या चाकांत जास्त हवा सांगितलेली असते, ती याच हिशेबाने. तो स्टिकर वाचण्याऐवजी पुष्कळ जण टायरच्या कडेवरचा ‘मॅक्स प्रेशर’ हा आकडा वाचतात, जो ४४ किंवा ५१ पीएसआय असा असतो. हा भरायचा दाब नव्हे. त्यापलीकडे जाऊ नये अशी ती सीमा आहे. टायर कोणत्या गाडीला लागणार हे टायर बनवणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून किती हवा भरायची हे तो सांगूच शकत नाही. ते गाडी बनवणाराच सांगतो.

हवेची अट किती निर्णायक असते, ते ‘एक्स्ट्रा लोड’ किंवा ‘एक्सएल’ असा शिक्का असलेल्या टायरांत फार स्पष्ट दिसते. २०५/४५ आर१७ या एकाच मापात साधा टायर ८४ लोड इंडेक्सचा मिळतो आणि एक्सएल ८८ चा. पंधरा इंची चाके काढून सतरा इंची अलॉय बसवणारा हौशी मालक हे बघतो आणि शहाणपणाने ८८ निवडतो: मूळच्या टायरलाही ८८ च होता, म्हणजे काही गमावले नाही. पण एक्सएलचे ५६० किलो २९० किलोपास्कलला, म्हणजे ४२ पॉइंटला मोजलेले असतात. त्यात पूर्वीसारखी ३६ पॉइंट हवा भरली तर तो सुमारे ५०० किलोच पेलतो. म्हणजे बरोबर ८४ इंडेक्सच्या साध्या टायरइतके. जादा पैसे दिलेला टायर, जादा हवा न दिल्यामुळे, साधा होऊन बसतो. चार आकड्यांची ती बढती रबरात नव्हती, सहा पॉइंटांत होती. एक्सएलची बांधणी ती जादा हवा सोसण्यापुरती भक्कम केलेली असते. विजेच्या मोटारी आल्या तसा हा प्रश्न आणखी पुढे सरकला आहे. बॅटरीमुळे गाडी काही शे किलोंनी जड होते, पण चाकाच्या कमानीत मोठा टायर मावत नाही. म्हणून अलीकडे ‘एचएल’, म्हणजे हाय लोड, असा तिसरा वर्ग आला. २४५/४० आर१९ या मापात साध्याला ९४, एक्सएलला ९८ आणि एचएलला १०१ असे लोड इंडेक्स आहेत. किलोत ६७०, ७५० आणि ८२५. बाहेरून तिन्हींचे माप एकच. ‘साइज जुळली की झाले’ या समजुतीला याहून चांगले उत्तर शोधावे लागणार नाही.

दुसरी अट वेगाची, आणि तिच्यामागे उष्णता आहे. टायर जमिनीला टेकतो तिथे तो सपाट होतो आणि सुटतो तिथे पुन्हा गोल होतो. या दाबल्या-सुटल्यात रबर जी शक्ती घेते ती सगळी परत देत नाही. काही उष्णता होऊन आतच राहते. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की तुटण्याआधी चटका बसतो, त्यातलाच हा प्रकार. वर उल्लेखलेल्या मोटारीच्या टायरचा परीघ एकोणीसशे मिलिमीटरच्या आसपास. ताशी १०० किलोमीटर वेगाला त्याचा प्रत्येक भाग सेकंदाला चौदा वेळा चेपला जातो. हवा कमी असेल किंवा भार जास्त असेल तर चेपण अधिक खोल. वेग जास्त असेल तर ती अधिक वेळा. बाहेरचा वारा जेवढी उष्णता नेतो त्याहून जास्त आत तयार होऊ लागली की रबर आणि तारांचे पट्टे यांची पकड सैल होते. टायर फुटला असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा प्रत्यक्षात हे पट्टे सुटलेले असतात.

म्हणून भार आणि वेग हे दोन आकडे सुटे वाचता येत नाहीत. एक वाढवायचा तर दुसरा उतरवावा लागतो. याचा सरळ पुरावा पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात रस्त्यावर दिसतो. कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांना ट्रकचे जुने टायर असतात, आणि त्यांच्यावर रचलेली उसाची रास पाहून शहरी माणसाला धडकी भरते. पण व्यापारी वाहनांच्या टायरांच्या मानकांत वेगानुसार भार बदलण्याचे तक्ते असतात, आणि रांगत्या वेगाला त्यांत मूळ भाराच्या दीडपटीहूनही अधिक वजन मान्य असते. बैलाच्या चालीत टायर तापतच नाही. त्याच टायरावर ट्रॅक्टर तीच रास घेऊन हमरस्त्याच्या वेगाने पळू लागला तर हिशेब बदलतो. (बैलांच्या मानेवर काय येते, हा निराळा आणि जास्त गंभीर प्रश्न, टायरचे मानक त्याबद्दल मुके आहे.) ट्रॅक्टरच्या टायरांवर म्हणूनच ए८ अशी चिन्हे असतात, ए८ म्हणजे ताशी ४० किलोमीटर. याच्या अगदी उलट टोक म्हणजे समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा रस्ता, मोटारींना १२० ची मुभा. गावातल्या रस्त्यावर खड्डे, गतिरोधक, सिग्नल यांच्या कृपेने टायरला अधूनमधून थंड व्हायला सवड मिळते. इथे ती नाही. कमी हवेचा जो टायर वर्षभर शहरात काही तक्रार न करता फिरला, तो इथे तासाभरात उघडा पडू शकतो.

भार, हवा आणि वेग यांची ही सांगड सुटली की काय होते, याचे सर्वाधिक चर्चा झालेले प्रकरण अमेरिकेतले आहे. फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांना लावलेले फायरस्टोनचे टायर धावता धावता सुटू लागले, गाड्या उलटू लागल्या, आणि ऑगस्ट २००० मध्ये वापरात असलेले सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. अडीचशेहून अधिक मृत्यूंचा संबंध या प्रकरणाशी जोडला गेला. फोर्डने या गाडीला २६ पीएसआय हवा सांगितली होती. टायर कंपनीचे म्हणणे होते की ती कमी आहे, ३० हवी. फोर्ड म्हणे, टायरच सदोष. सरकारी तपासात टायरच्या बांधणीत दोष असल्याचे निघाले, तेव्हा सगळे खापर हवेवर फोडणे चुकीचे ठरेल. पण २६ पॉइंटची सूचना असली की मालकाच्या निष्काळजीपणाला जागा उरत नाही. आणखी चार-पाच पॉइंट गळाले, गाडी माणसांनी भरलेली, उन्हाळा आणि हमरस्ता, की सदोष पट्ट्याला निमित्त मिळते. त्याच वर्षी अमेरिकेत टायरविषयक नवा कायदा झाला आणि त्यातून पुढे २००७ पासून नव्या मोटारींना हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. हवा हा चालकाच्या आठवणीवर सोडण्याचा विषय नाही, हे कायद्याने मान्य केले.

मोटारीपेक्षा ट्रकच्या टायरवर अटी जास्त उघडपणे छापलेल्या असतात, आणि तिथेच त्या जास्त मोडल्या जातात. १०.०० आर२० या आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या टायरवर १४६/१४३के आणि शेजारी १६पीआर असे असते. यातल्या १६ ला बाजारात ‘सोळा प्लाय’ म्हणतात, आणि आत सोळा थर आहेत असे समजून टायर घेतला जातो. एके काळी, टायरच्या सांगाड्यात सुती कापड असे तेव्हा, ते खरेही होते. नायलॉन आल्यावर तेवढीच ताकद कमी थरांत मिळू लागली, आणि आजच्या पोलादी रेडियल ट्रक-टायरच्या सांगाड्यात तारांचा एकच थर असतो. वर पट्टे वेगळे. तरी शिक्का १६ चाच, कारण तो आता थर मोजत नाही, जुन्या सोळा थरांच्या तोडीची ताकद एवढेच सांगतो. खरी माहिती १४६/१४३ मध्ये आहे. १४६ म्हणजे ३,००० किलो, टायर एकटा असताना, म्हणजे पुढच्या आसावर. १४३ म्हणजे २,७२५ किलो, टायर जोडीत असताना, म्हणजे मागे. एकाच टायरची जोडीतली किंमत २७५ किलोंनी कमी धरण्याला कारण आहे. जोडीतले दोन टायर वजन कधीच निम्मेनिम्मे वाटून घेत नाहीत. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो; एक टायर नवा आणि दुसरा घासलेला असेल तर मोठ्या व्यासाचा टायर जास्त ओझे घेतो; आतल्या टायरची हवा तपासायला हात पोचत नाही म्हणून ती हमखास कमी असते; आणि दोघांच्या मधल्या फटीत उष्णता अडकून राहते. आतला टायर पंक्चर झाला आणि चालकाच्या ते लक्षात आले नाही, तर बाहेरच्यावर ५,४५० किलो येतात. ३,००० पलीकडे तो जायला नको होता.

हे आकडे हाताशी घेतले की जुलै २०१८ च्या निर्णयाचा एक कमी चर्चिला गेलेला भाग दिसतो. त्या वर्षी केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांच्या आसांवरचा मान्य भार वाढवला. दोन आसांच्या ट्रकला, पुढे दोन आणि मागे चार टायर, एकूण १६.२ टन मान्य होते ते १८.५ झाले, पुढचा आस ६ टनांवरून ७ आणि मागचा १०.२ वरून ११.५. बातमी आली ती ‘ट्रकची क्षमता वाढली’ अशी. पण कागदावर मर्यादा वाढल्याने टायरची क्षमता वाढत नाही. जुन्या मर्यादेत १४६/१४३ चे टायर नेमके बसत होते: पुढे दोन गुणिले ३,००० म्हणजे बरोबर ६ टन, मागे चार गुणिले २,७२५ म्हणजे १०.९ टन, १०.२ ला पुरून उरणारे. नव्या मर्यादेला तेच टायर पुढे एक टनाने आणि मागे ६०० किलोंनी कमी पडतात. मागे १४९/१४६ चे, म्हणजे बाजारातले अठरा प्लाय, घातले तर चार गुणिले ३,००० म्हणजे १२ टन होतात आणि काम भागते. पुढे मात्र तेही अपुरे, कारण १४९ म्हणजे ३,२५० आणि दोनांचे मिळून साडेसहाच टन. पुढच्या सात टनांना १५२ इंडेक्सचा, ३,५५० किलोंचा टायर लागतो, जसा २९५/८० आर२२.५ मध्ये मिळतो. आसावरच्या भाराचे नियम हे जाणून आहेत: अधिसूचनेतली मर्यादा, गाडी बनवणाऱ्याने दिलेली आणि चाचणी संस्थेने प्रमाणित केलेली मर्यादा, आणि बसवलेल्या टायरांना मोटार वाहन नियमांत मान्य असलेला भार, या तिन्हींत जी कमी ती लागू, असे त्यांचे सूत्र आहे. या सूत्रातला तिसरा भाग वाचणारे थोडे.

यावर वाहतूक धंद्यातल्या माणसाचा पहिला आक्षेप असा, की ट्रक काही ताशी ११० ने पळत नाही. ‘के’ म्हणजे ११०. आपल्या मालवाहू गाड्यांना वेगमर्यादकाने ८० वर बांधलेले असते. मग वेग कमी म्हणून भार जास्त, हे तुमच्याच तत्त्वाने चालायला हवे. आक्षेप रास्त आहे, आणि तक्ते तशी सवलत देतातही. पण सवलत वेगाबरोबर झपाट्याने आटते. बैलगाडीच्या वेगाला ती प्रचंड, हमरस्त्यावरच्या ८० ला थोडक्या टक्क्यांची. मागच्या आसावरची ६०० किलोंची तूट साडेपाच टक्क्यांची आहे, पुढच्या आसावरची सोळा टक्क्यांहून अधिक. पुढच्या तुटीला तर ही सवलत कोणत्याच वाचनात पुरत नाही. शिवाय ही सवलत वजन नियमाप्रमाणे भरले असेल तेव्हाची. वर चार टन जादा वाळू किंवा ऊस टाकून मग तिचा आधार मागता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त पसरलेला आहे: कंपन्या आकडा मुद्दाम कमी लिहितात, वीस-तीस टक्के वर गेले तरी टायरला कळतही नाही. टायरमध्ये राखीव ताकद असते, हे खरे. ती नसती तर आपले अर्धे रस्ते चालूच शकले नसते. पण ती ठेवलेली असते खड्ड्याच्या दणक्यासाठी, ब्रेक मारल्यावर पुढे झुकणाऱ्या वजनासाठी, जोडीतल्या असमान वाटणीसाठी, चार वर्षांत कडक झालेल्या रबरासाठी, गळालेल्या पाच पॉइंटांसाठी. प्रवासाला निघण्याआधीच ती सामान भरून खर्च केली तर वाटेत लागेल तेव्हा कुठून आणायची? मानके बनवणाऱ्यांनाही वापरणाऱ्याचा स्वभाव माहीत आहे. अमेरिकी नियमांत मोटारीसाठी बनलेला टायर पिकअपसारख्या मालवाहू गाडीला लावला तर त्यावर छापलेला भार १.१० ने भागून धरायचा असतो. रबर तेच, कारखाना तोच. पण पिकअप ओव्हरलोड होणार, हे गृहीत धरून आकडाच उतरवायचा. टायरचा भार हा टायरचा गुणधर्म असता तर गाडी बदलल्याने तो कमी झाला नसता.

‘इतकी वर्षे असेच भरतो, काही झाले नाही’ या युक्तिवादाला हवा आणि वेगाइतकेच वयाचे गणित उत्तर देते. जादा भाराने टायर सहसा त्याच दिवशी जात नाही. पट्ट्यांच्या कडांना सूक्ष्म भेगा पडतात, त्या दर फेरीला थोड्या वाढतात, आणि शेवटी एखाद्या दिवशी रिकाम्या गाडीला, चांगल्या रस्त्यावर टायर जातो. मग दोष उन्हाला जातो. उन्हावरून निघालेला एक उपाय तर रोगाहून वाईट आहे: उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून ती चार पॉइंट कमीच ठेवायची. आत कोंडलेल्या हवेचा दाब तापमानाने वाढतो हे खरे, पण किती? पहाटे २५ अंशांना ३३ पॉइंट भरलेली हवा चालून चालून ५५ अंशांपर्यंत तापली तर ३८ च्या आसपास जाते, आणि कडेवरची सीमा ४४ किंवा ५१ ची आहे. सांगितलेला दाब थंड टायरचा असतो, ही वाढ त्यात धरलेलीच असते. उलट चार पॉइंट कमी ठेवले की चेपण वाढते, चेपण वाढली की उष्णता वाढते. ज्या तापण्याला घाबरून हवा काढली तेच वाढते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने हवा काढण्याऐवजी गाडी गरम होण्याआधी, सकाळीच तपासून पुरेपूर भरून घेणे हे भौतिकशास्त्राला धरून आहे. पण मग जास्तच हवा भरून जास्त वजन का नेऊ नये? कारण लोड इंडेक्स ज्या दाबाला मोजला त्याच्या वर तो वाढत नाही. पुढची हवा टायरचा जमिनीवरचा ठसा आक्रसते, मधला भाग झिजवते आणि खड्ड्याचा दणका पूर्णपणे सांगाड्याला देते.

दुचाकीवाल्यांना हा सगळा प्रकार आपल्याशी संबंधित वाटत नाही. पण आपल्याकडच्या स्कूटरला सर्रास दिसणाऱ्या ९०/१००-१० टायरवर ५३जे असे छापलेले असते: २०६ किलो, ताशी १०० पर्यंत. स्कूटर १०७ किलोंची आणि वर प्रत्येकी ६५ किलोंची तीन माणसे धरली तर ३०२ किलो होतात. त्यातले दोन-तृतीयांश मागच्या चाकावर गेले तर २०१. ट्रिपल सीट हा वाहतूक पोलिसांचा विषय होण्याआधी मागच्या टायरचा विषय होतो, आणि तोही हवा पूर्ण असेल तर. स्कूटरच्या मागच्या चाकाची हवा पूर्ण असल्याचे दृश्य आपल्याकडे दुर्मीळच.

मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या अर्जात प्रत्येक आसावरच्या टायरांची संख्या, माप आणि प्लाय रेटिंग लिहायचा रकाना आहे. तो भरला जातो गाडी नवी असताना. पुढे गाडीच्या आयुष्यात टायरचे कित्येक संच बदलतात, काही रिमोल्ड होतात, सोळाच्या जागी चौदा प्लाय येतो, रेडियलच्या जागी स्वस्त नायलॉन. रकाना तसाच राहतो. वजनकाट्यावर गाडी उभी राहते तेव्हा एकूण वजन मोजले जाते आणि ते आर. सी. बुकातल्या आकड्याशी ताडले जाते. एकूण वजन नियमात असलेली, पण माल मागे सरकलेली गाडी त्या काट्यावरून बिनदिक्कत निघून जाते. पुढची चाके आणि मागची चाके काट्यावर वेगवेगळी चढवून दोन पावत्या घेतल्या, तर हेच काम पाच मिनिटांचे आहे. मागच्या पावतीला चारने भागायचे आणि टायरच्या कडेवर तिरक्या रेषेनंतर जो आकडा आहे त्याच्या किलोंशी ताडून बघायचे. तिरक्या रेषेआधीचा आकडा मोठा दिसतो म्हणून तो धरायचा नाही. तो मागच्या चाकांसाठी नाही.